फुटक्या तारखांची फी

टिपणीस वकील असा, की आधी मिशी कोर्टात शिरायची, मग तो. चंपा कासारणीचा खटला चालवून त्यानं तिच्यावरच फीचा दावा ठोकला. वीस तारखांचे पैसे दे, नाहीतर बांगड्यांचं दुकान वीक! त्यातल्या एकोणीस तारखांना यानंच पुढची तारीख मागितलेली.

"प्रत्येक तारखेला आलो होतो की!" वकील गुरगुरला.

चंपा म्हणाली, "साहेब, तुमच्या बाईसाहेबांना मी बांगड्या भरते. भरताना फुटलेल्यांचे पैसे कधी दिलेत?"

"फुटकीचे कसले पैसे? हातात चढल्या तेवढ्यांचेच!"

जज हसले. "मग टिपणीस, तुमचीही एकच चढली. एकीचेच घ्या."

वकिलानं मूठ आवळली. चंपा पैसे पुढं करत म्हणाली, "हात सैल सोडा, साहेब. आवळला की हीपण फुटायची."