तात्यांची वाटी

एका घरात नुकताच ओव्हन आला, तेव्हाची ही गोष्ट. तात्याआजोबा गेल्यावर त्यांची पोचा आलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची वाटी बुंदी मांजरीच्या दुधाला लागली होती. ओट्यावरचा नवा मापाचा कप तिला हिणवायचा, "माझ्या अंगावर रेघा आहेत. तुझ्या अंगावर नुसता पोचा!"

रविवारी नात रेवती तात्यांच्या वहीत बघून केक करू लागली. 'दोन वाट्या मैदा, तीन अंडी.' तिने मैदा कपाने मोजला. केक विटेसारखा घट्ट झाला.

"तात्या कुकरमध्ये करायचे, तरी त्यांचा असा कधीच व्हायचा नाही," ती रडवेली झाली.

"मी अचूकच मोजलं," कप पुटपुटला.

"पण वहीतली वाटी म्हणजे मी," वाटी म्हणाली. "पोच्यामुळे माझ्यात मैदा कमी मावतो. बुंदी, मला तिच्याकडे ने ना."

बुंदीने नाकाने ढकलत वाटी रेवतीच्या पायाशी आणली. रेवतीने ती उचलली, तर तिचा अंगठा नेमका पोच्यात बसला. तात्यांचाही तिथेच असायचा.

"अगंबाई, हीच की ती!" म्हणत तिने वाटी लख्ख घासली.

दुसरा केक टम्म फुगला. कपालाही काम मिळालं. बुंदी आता त्यातूनच दूध पिते, आणि ते रेघेपर्यंत भरलेलं नसेल तर तोंडसुद्धा लावत नाही.