समोरच्या बाकावरचा पोपट

एका देशात राजा नव्हता, महासभा होती. दर पाच वर्षांनी लोक सभासद निवडून देत. सरकारचे लोक उजवीकडच्या बाकांवर बसत, विरोधक डावीकडे. तिथली एक जुनी रीत होती. ठराव आला की डावीकडून कोणीतरी उठून विचारायचं, "का म्हणून?" त्याला उत्तर दिल्याशिवाय ठराव मंजूर होत नसे.

एका निवडणुकीत विश्वंभरपंतांच्या पक्षाने सगळ्याच्या सगळ्या जागा जिंकल्या. पेढे वाटले, मिरवणुका निघाल्या. पण पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. समोर बसायलाच कोणी नाही, मग विचारणार कोण? रीत मोडावी तर लोक नावं ठेवतील. शेवटी पंतांनी एक पोपट आणवला आणि त्याचा पिंजरा डावीकडच्या बाकावर ठेवला. ठराव आला की पोपट ओरडे, "का म्हणून?" सभासद पोट धरून हसत आणि हात वर करत. पोपटाला कोण उत्तर देत बसणार! तशी सगळी शहाणीसुरती माणसं, पण हसण्याच्या नादात कोणालाच काही वावगं वाटेना.

एके दिवशी ठराव आला, राजधानीतल्या बागा फुलवण्यासाठी तिळगंगा नदी वळवायची. नदीकाठच्या गावांनी निवडून दिलेल्या सगुणाबाई याच पक्षात होत्या. नदी गेली तर त्या गावांना प्यायलाही पाणी उरणार नव्हतं. आणि सगुणाबाई तर लवकरच मंत्री व्हायच्या होत्या.

पोपट ओरडला. सभा हसली. सगुणाबाईंना मात्र हसू येईना. त्या उठल्या, समोर गेल्या, पिंजरा खाली ठेवला आणि त्या जागी बसल्या.

"बाई, तुमची जागा इकडे आहे," पंत म्हणाले.

"ठाऊक आहे, पंत. पण मला निवडलंय नदीकाठच्या लोकांनी. का म्हणून वळवायची नदी?"

"मंत्रिपद जाईल हं!"

"जाऊ द्या. उत्तर द्या."

पंतांनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. एवढी मोठी सभा, पण जो तो खाली मान घालून बसला. ठराव बारगळला.

सगुणाबाईंचं मंत्रिपदही गेलं. पण दुसऱ्या दिवशी सभा भरली, तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी दोघे येऊन बसले होते.

तात्पर्य: बहुमताने ठराव मंजूर होतो, पण तो योग्य ठरतो तो उत्तर दिल्यानेच. म्हणून विचारणारं कोणी उरलं नसेल, तर आपल्यातल्याच कोणीतरी उठावं.