काचेवरचं कुंकू

“किती लांबचं दिसतं म्हणालास?” तात्यांनी पुन्हा विचारलं.

“तलावाच्या पल्याडचं. बगळ्याच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा.”

“आणि अल्याडचं?”

श्रीरंग नुसता हसला. अल्याडचं बघायला एवढी मोठी लेन्स कशाला घ्यायची, हे अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. पण गुरूपुढं जीभ आवरायची, एवढं वळण त्याला होतं.

तलावाकाठच्या त्या घरात तात्या एकटेच राहत. पाखरांचे फोटो काढण्यात उभा जन्म गेला त्यांचा. श्रीरंग कॅमेरा धरायला शिकला तो याच ओसरीवर. शिकवणं तरी कसं, तर पहिला सगळा पावसाळा कॅमेऱ्यात रोल न घालताच पाखरांपुढं बसवलं होतं त्याला. पुढं पोरगा नावारूपाला आला. जंगलं पालथी घातली, बक्षिसं मिळवली. पण तात्यांच्या तोंडून एकदा ‘छान’ ऐकावं, ही भूक काही भागली नव्हती.

उलट अलीकडं तर त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला की तात्यांचा फोन यायचा आणि ते एवढंच म्हणायचे, “पोचला.”

आधी त्याला वाईट वाटलं, मग राग आला, मग त्यानं येणंच सोडलं. ही लांबच्या झूमची लेन्स घेतली, तीही खरं तर त्याच चिडीत. आता बघू ‘छान’ कसं म्हणत नाहीत.

तरी खंडेनवमीला आलाच. नव्या हत्याराला तात्यांचा हात लागल्याशिवाय पहिला फोटो काढायचा नाही, असं आपलं मनाशी धरून.

ओसरीत पाट मांडलेला. पाटावर जुना कॅमेरा, दुर्बीण, विळा, झेंडूची फुलं. तात्यांनी लेन्स मांडीवर घेतली. तान्ह्या बाळाला चाचपावं तशी वरून खालून चाचपली. वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं, आणि बरोबर काचेच्या मधोमध टेकवलं.

श्रीरंगचा हात खिशातल्या फडक्याकडं गेला.

पण तात्या उगीच काही करत नाहीत, हे तो जाणून होता. तो विचार करत राहिला… करता करता चेहरा उजळला.

“कळलं, तात्या.”

“काय कळलं?”

“यंत्राचा डोळा झाकला की आपला उघडतो. म्हणून तर टिळा काचेवर लावलात.”

तात्यांचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं.

“काचेवर गेलं होय रे?”

…

श्रीरंगनं पाटाकडं पाहिलं. दुर्बिणीच्याही एका काचेवर कुंकू. विळ्याचं कुंकू पाटावर. कॅमेऱ्याला वाहिलेलं फूल खाली जमिनीवर. आणि तात्या बोलत होते त्याच्याशी, पण बघत होते त्याच्या खांद्यावरून मागं, खांबाकडं. सकाळपासून तो त्यांच्या समोरच बसला होता.

“कधीपासून, तात्या?”

“झाले दोन पावसाळे. सावली कळते अजून.”

“मला नाही सांगितलंत.”

“धावत आला असतास. तिकडं तुझी जंगलं राहिली असती.”

“मग माझे फोटो?”

फोटो शेजारच्या कुंदावहिनी बघून सांगायच्या. त्यांच्या परीनं. एक पाखरू आहे, म्हणायच्या. कुठलं, असं विचारलं तर म्हणायच्या, चांगलं मोठं आहे, तोंड वाकडं करून बसलंय, आमच्या सासूबाईंसारखं. तेवढ्यावर तात्या दिवसभर ते पाखरू मनाशी जुळवत बसायचे. न बघता छान कसं म्हणायचं, खोटं होईल ते. म्हणून आपलं ‘पोचला’.

श्रीरंगला हसू आलं.

त्यानं काच पुसायला मऊ फडकं काढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात ठेवलं. कुंकवासकट लेन्स कॅमेऱ्याला चढवली, तात्यांच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि पल्याडच्या काठावर नेम धरला. जरा धुकट दिसत होतं, पण दिसत होतं.

“राखी बगळा आहे, तात्या.”

“नाव राहू दे. करतोय काय?”

मग श्रीरंग सांगत गेला. एका पायावर उभा आहे, मान खांद्यात घेऊन. ऊन पाठीवर घेतोय. आता पाऊल उचललं, पाण्याला कळू न देता ठेवलं. मान लांब होतेय, हळूहळू… मारली चोच. मासा आला… सुटला. आता इकडं तिकडं बघतोय, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

तात्यांचीही मान पुढं झाली होती. ओठांवर हसू.

तलावावर पंख फडफडल्याचा आवाज आला.

“उडाला?”

“उडाला.”

…

“फोटो काढलास?”

श्रीरंगनं बटणावरच्या आपल्या बोटाकडं पाहिलं.

“राहिलाच की, तात्या.”

तात्यांनी चाचपत त्याचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला.

“छान आलाय.”