आधी दार

जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक समितीची निवडणूक होती. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून कौसल्या भोईरची लेक शाळेत दिवसभर पाणीच पीत नसे. त्या दारासाठीच कौसल्या पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली होती.

पुन्हा उभे राहिलेले जुने अध्यक्ष दत्ताजीअण्णा सभेत म्हणाले, "मी शाळेला माझ्या नावाची कमान बांधणार. आणि ही बाई भर सभेत संडासाचं बोलते!"

सगळे हसले. तरी कौसल्या म्हणाली, "अण्णा, तुम्हाला दिसायचंय म्हणून कमान हवी. पोरींना दिसायचं नाही म्हणून दार हवं. आधी काय करायचं, तुम्हीच सांगा."

मतदानाला बायांचे हात भराभर वर गेले. त्यात अण्णांच्या सुनेचाही होता.