न आटणाऱ्या गाई

एका राज्यात, जिथे नदीच्या दोन्ही काठांना कमरेएवढे गवत वाढे, भद्रसेन नावाचा राजा होता. त्याच्या गाई कधी आटत नसत. सकाळी धार निघे, संध्याकाळी धार निघे. उन्हाळा म्हणू नका, हिवाळा म्हणू नका. गाई आणि वळू म्हातारेही होत नसत. परराज्यातले लोक हे ऐकून नवल करत.

पण त्या राज्यात वासरू नव्हते. एकही नव्हते. राजकन्या मृणाला उपवर झाली, तरी तिने वासरू पाहिले नव्हते.

ती लहान असताना राजा तिला मांडीवर घेऊन सांगे, "वासरू जन्मते तेव्हा ओले असते. आई त्याला चाटून कोरडे करते. मी आणि तुझा काका चंद्रसेन कुंपणावर बसून पाहत असू."

"मग काय होई?"

"मग चिकाचे दूध निघे, पिवळे, दाट. आमची आई गूळ आणि वेलची घालून त्याचा खरवस करी. वड्या साऱ्या आळीत वाटत. तिन्हीसांजेला कळप परते तेव्हा गोठ्यातली वासरे हंबरू लागत. वेशीपासून गाई उत्तर देत. त्या आवाजाने आम्हाला कळे की आता घरी जायचे."

एवढे सांगून राजा तिला मांडीवरून उतरवी. मृणाला मग खिडकीशी जाऊन ऐके. बाहेर कळप परतत असे, पण कोणी कोणाला हाक मारत नसे.

हे असे का झाले, तेही ऐका. चंद्रसेन राजाचा धाकटा भाऊ. एका वर्षी राज्यातल्या साऱ्या गाई एकाच सुमारास गाभण राहिल्या आणि विण्याआधी साऱ्या एकदमच आटल्या. नेमका तेव्हाच चंद्रसेन तापाने पडला. त्याच्या पोटात दुधाखेरीज काही ठरत नव्हते आणि दूध कुठेच नव्हते. पोर गेले. दूध मिळते तर ते वाचते की नाही, कोणास ठाऊक. भद्रसेनाने मात्र तेच मनात धरले. राज्याभिषेक होताच तो काळ्या डोंगरावर धूम्रकेश जादूगाराकडे गेला.

"माझ्या गाई कधी आटू नयेत," राजा म्हणाला.

"देतो," धूम्रकेश म्हणाला. "त्यापायी काय जाईल, ते विचारणार नाहीस?"

"नाही."

अशी ती गोष्ट. पुष्कळ वर्षे दूध वाहिले. मग ते पातळ होऊ लागले. साय धरेना, घुसळून लोणी निघेना. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या. एके सकाळी पोवळी नावाची तांबडी गाय धारेला उठलीच नाही. मृणाला तिच्याजवळ बसली, तेव्हा पोवळी बोलली.

"राजकन्ये, मी थकले. मला थांब म्हणणारे कोणी उरले नाही."

"पूर्वी कोण म्हणत असे?"

"राखी रंगाचा होला पक्षी. गाय फळली, गाभण राहिली, की तो तिच्या रक्तात येऊन बसे. गर्भाशयाला म्हणे, शांत राहा, आत जीव आहे. वासरू वाढू लागले की कासेला म्हणे, आता कमी कर. पुढे म्हणे, आता थांब. कास विसावा घेई, आतून नवी होई. दिवस भरत आले की होला उडून जाई. त्याचा आवाज बंद झाला की कासेला कळे, आता भरायचे. धूम्रकेशाने त्याला कोंडले आहे. तो नाही म्हणून गर्भ टिकत नाही. तो नाही म्हणून आम्ही आटत नाही. आणखी एखादा उन्हाळा असा गेला, तर आमच्यातली एकही उरणार नाही."

मृणाला त्याच पावली काळ्या डोंगरावर गेली. धूम्रकेश दारातच बसला होता. त्याच्या केसांतून धूर निघत होता.

"होला सोडा," ती म्हणाली.

"तीन कामे कर, सोडतो."

पहिले काम झऱ्याचे. डोंगराच्या कपारीत एक झरा होता, गढूळ आणि तोकडा. त्याच्या निर्मळ पाण्याने घडा भरायचा होता. मृणालाने ओंजळीने उपसले, तर चिखल आला. आणखी उपसले, तर तळच लागला. तेव्हा ती बाजूला होऊन बसली. तहान लागली की पानांवरचे दव चाटी, पण पाण्याला हात लावीना. दिवस गेले. गाळ खाली बसला, कपारीतून थेंब थेंब उतरला आणि झरा काठोकाठ भरला. तिने घडा बुडवला तो हिऱ्यासारख्या पाण्याने भरून आला.

दुसरे काम पाषाणाच्या गाईची धार काढायचे. गाईच्या गळ्यात साखळी होती आणि भोवती नगारे आपोआप वाजत होते. आजवर आलेल्यांनी तिचे पाय बांधले होते, सड ओढले होते. त्यांचे रिकामे तांबे तिथेच पडले होते. मृणालाने नगाऱ्यांवर ओले गवत पसरले. ते मुके झाले. साखळी काढली. कोमट पाण्याने कास धुतली आणि गाईच्या कुशीला कपाळ टेकून ती हलकेच गुणगुणू लागली. सूर्य माथ्यावरून कलला. दगड ऊबदार झाला. मग गाईने श्वास सोडला आणि पान्हा आला.

"तिसरे काम सोपे आहे," धूम्रकेश म्हणाला. "ज्याने मागितले, त्याने स्वतः येऊन मागणे परत घ्यावे."

हेच काम सर्वांत अवघड निघाले. मृणालाने वाड्यावर परतून वडिलांना सारे सांगितले.

"नाही," राजा म्हणाला. "गाई आटतील. पुन्हा एखादे मूल दुधावाचून जाईल."

"तात, तुम्ही सांगितलेली वासरे मला पाहायची आहेत."

"मीही डोळे मिटले की तीच पाहतो. पण त्यांच्याबरोबर चंद्रसेनही दिसतो, मुली."

मृणाला त्याच्याजवळ आली. मग तिने विचारले, "त्या वर्षी साऱ्या गाई एकाच वेळी गाभण कशा राहिल्या?"

"वळू साऱ्या कळपात एकदमच सोडला होता."

"मग या वेळी कळपाचे तीन भाग करू. एक भाग आटेल तेव्हा दोन दुभते राहतील."

 इतकी वर्षे राजाने दुःख केले होते, पण हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. तो उठून गोठ्यात गेला. पोवळीच्या कासेला त्याने हात लावला, तर बोटांवर दुधाऐवजी पाणी आले. तो तिच्यापाशी बराच वेळ बसला आणि मग डोंगर चढू लागला.

तो धूम्रकेशाच्या दारात पोचला. दोनदा मागे वळला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "माझे मागणे मी परत घेतो. माझ्या गाई आटू देत."

"तू मागितलेस तेच मी दिले होते," धूम्रकेश म्हणाला. "राग धरू नकोस." त्याने पिंजरा उघडला. होला राजाच्या खांद्यावर क्षणभर टेकला आणि नदीकडे उडाला.

गाई माजावर आल्या. पहिल्या भागात वळू सोडला, त्या फळल्या. पुढे त्यांची पोटे वाढली, दूध उतरत गेले आणि एके दिवशी पोवळीच्या सडाला धार आली नाही. राजाला अन्न गोड लागेना. त्याच सुमारास एक बाई वाटी घेऊन वाड्याच्या दारात आली. तिच्या काखेत तापलेले मूल होते.

राजाने वाटी तिच्या हातातून घेतली. मग तो स्वतः दुसऱ्या गोठ्यात गेला. जादू उतरल्यापासून तिथल्या दुसऱ्या भागातल्या गाईही सावरल्या होत्या, त्यांचे दूध पुन्हा दाट झाले होते. वाटी भरली. मूल शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि आईच्या खांद्यावर झोपी गेले. ते झोपले तरी राजा तिथून हलला नाही.

पोवळी व्याली ती सूर्योदयाला. तांबडी कालवड झाली. मृणालाने कालवडीजवळ गवतात गुडघे टेकले आणि तिचा पाय हातात घेतला.

"तात, हिचे खूर मऊ आहेत," ती म्हणाली. "लोण्यासारखे. हे तुम्ही कधी सांगितले नाहीत."

राजा वाकला. त्याने ते इवलेसे, पिवळसर खूर बोटांनी चाचपले.

"विसरलो होतो," तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी ओल्या गवतातच बसला.