पाण्यातला ढोल

शाल्मली, फोन ठेवू नकोस. आत्ता पोहण्याच्या टँकवर काय झालं ते आधी ऐक, मग मला वेडी म्हण.

"रविवारी ढोल बांधू की नको? एवढंच सांगा ना सर." मी विचारत होते. चौथ्यांदा.

फडतरे सर म्हणजे ते गं, डॉक्टरांनी माझ्या पाठीसाठी ज्यांच्याकडे पाठवलंय. सत्तरीचे आहेत. छातीभर पाण्यात उभं करतात आणि चालायला लावतात. बास, एवढंच. तीन आठवडे मी नुसती चालतेय. मी, जिला शाळेत पोहण्यात मेडल होतं.

आणि रविवारी आमच्या ढोल पथकाची निवड. दोन तास ढोल बांधून जो टिकेल तो पहिल्या रांगेत, नाहीतर मागे ध्वज धरायचा. चार वर्षं थांबलेय मी त्या रांगेसाठी. पाठीचं तिथे कोणाला बोललेसुद्धा नाहीये.

सर म्हणाले, "चालून दाखव."

चालले.

"दुखतंय?"

"थोडं."

"पाण्यातही?"

"हो ना. म्हणून तर म्हणतेय, तुमच्या पाण्याचा काही उपयोग नाही."

कठड्याला धरून पाय हलवत होत्या त्या शिरोडे काकू फिस्सकन हसल्या. "अगं, पाणी महापालिकेचं आहे. सरांना कशाला बोलतेस?"

सर पाण्यातूनच माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

मग म्हणाले, "ढोल सोड."

"अजून बांधलाय कुठे?"

"मग मागे का रेललीयेस?"

मी खाली बघितलं. खरंच गं. पोट पुढे, खांदे मागे, दोन्ही हात लांब. ढोल बांधून आम्ही चालतो ना, तश्शी. कमरेला काहीसुद्धा नसताना.

"सवय आहे सर."

"सोड."

"अहो, पण काय सोडू? काही नाहीच तर…"

तर त्यांनी काय करावं? जवळ आले. मला हातही न लावता, माझ्या पाठीमागे पाण्यातच गाठ सोडल्यासारखं केलं. मग काहीतरी जड उचलावं तसं दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं. दोरी आवळली पण. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही.

"चाल आता."

मी निघाले, आणि दुसऱ्याच पावलाला तोंडावर पडले. छातीभर पाण्यात. नाकात पाणी, डोळ्यांत क्लोरीन.

काकू म्हणाल्या, "मेडल शाळेतच राहिलं वाटतं."

उठून उभी राहिले तर… पाठ दुखत नव्हती. म्हणजे, बहुतेक. मी खोकत होते गं, नक्की नाही सांगता येत.

सर तिथेच. मागे रेललेले, पोट पुढे, हात लांब. कपाळावर आठ्या, चांगलाच दम लागलेला.

मला कसंतरीच झालं. "सर, बास ना आता. आणि रविवारचं?"

"सांगतो," सर म्हणाले. "आधी हा कुठे ठेवू ते सांग."

…

मी इथे टॉवेल गुंडाळून उभी आहे. ते अजून पाण्यात तसेच उभे आहेत, माझ्याकडे बघत. शाल्मली, तू काय सांगितलं असतंस?