हैबती आणि उन्हाचे बारा दिवे

करंजसोंड गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. नाव भारदस्त, माणूस भाबडा. इतर गडी सांगितलेलं काम अर्धवट करायचे. हैबती सांगितलं तसंच करायचा. सगळा घोटाळा त्यानंच व्हायचा.

तो आबा इंगवल्यांच्या मळ्यात कामाला होता. आबांनी नुकतीच मळ्याच्या फाटकावर पाटी लावली होती, ‘इंगवले कृषी पर्यटन केंद्र’. केंद्रात चार खोल्या होत्या, एक झोपाळा होता आणि एक बैलगाडी होती. बैल मागच्याच वर्षी विकले होते, पण फोटोला गाडी पुरते.

पहिले पाहुणे शनिवारी यायचे होते. पुण्याचे सबनीस, त्यांच्या घरची सात माणसं. सबनीस एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते खूश झाले तर अख्खी सोसायटी येणार होती. फोनवर त्यांनी एकच अट घातली. “आमच्या आईला अंधारात दिसत नाही. वाटेवर उजेड हवा.”

फाटकापासून खोल्यांपर्यंतची वाट लांबलचक आणि काळीकुट्ट होती. म्हणून आबा, त्यांची बायको अक्का आणि ओझं उचलायला हैबती, असे तिघं तालुक्याला सोलरचे दिवे आणायला गेले.

आबांना अळंबीच्या आकाराचे रंगीत दिवे आवडले. दुकानदार म्हणाला, “याची वरची ऊन घेणारी पट्टी बघा, रुपयाएवढी. तासाभरात डोळे मिटतील. हे साधे घ्या. पट्टी तळहाताएवढी आहे, बॅटरी बदलता येते.”

“पण दिसायला?” आबा म्हणाले.

“रात्री दिवा कोण बघतं? वाट बघतात,” अक्का म्हणाल्या. साधे बारा दिवे घेतले.

सोमवारी सकाळी आबांनी हैबतीला बजावलं, “हे दिवे उन्हावर चालतात. त्यांना दिवसभर ऊन मिळालं पाहिजे. सावली पडता कामा नये.”

“बरं, आबा.”

हैबतीनं वाटेच्या कडेनं बारा दिवे रोवले. दहा वाजता त्यांच्यावर आंब्याची सावली आली. त्यानं बाराही उपटले आणि गोठ्यामागं रोवले. दोन वाजता तिथं गोठ्याची सावली आली. त्यानं ते वांग्यांत रोवले. मग बांधावर. मग ओढ्यापलीकडं. ऊन पुढं, हैबती मागं. दिवस मावळला तेव्हा बाराही दिवे गावाबाहेरच्या टेकाडावर होते आणि झकास लागले होते.

इकडं आबा अंधारात बैलगाडीला धडकले.

“अगदी मावळेपर्यंत ऊन दिलं, आबा,” हैबती सांगत आला. “एक मिनिट सुटलं नाही.”

आबा गुडघा चोळत म्हणाले, “अरे शहाण्या, आंब्यापासून लांब, मोकळ्या जागेत लावायचे! आणि एकदा जमिनीत रोवलं की हलवायचं नाही. जिथं आहे तिथंच राहू द्यायचं!”

“बरं, आबा.”

मंगळवारी सकाळी हैबतीनं वाटेच्या मोकळ्या कडेनं दिवे लावले. ते काम नीट झालं. दुपारी आबा कांद्याचे वाफे बघायला गेले आणि पाटाच्या चिखलात त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला.

“हैबती! हात दे!”

हैबती आला. त्यानं नीट पाहिलं.

“आबा, पाय जमिनीत रोवलाय.”

“दिसतंय मला! ओढ!”

“रोवलेलं हलवायचं नाही, आबा. तुम्हीच सांगितलंय.”

आबा जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. हैबतीनं मात्र मनाला लावून घेतलं नाही. मालकाला ऊन लागत होतं, म्हणून तो छत्री धरून शेजारी उभा राहिला. तासाभरानं अक्का आल्या आणि त्यांनी आबांना ओढून काढलं. आबांची चप्पल आतच राहिली.

“यापुढं,” आबा एका चपलेवर उभे राहून ओरडले, “चिखलात रुतलेलं काही दिसलं की आधी बाहेर काढायचं! स्वच्छ धुवायचं आणि पडवीत आणून ठेवायचं!”

“बरं, आबा.”

बुधवारी अक्का पडवीत आल्या तर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडं कांद्याची रोपं. उपटलेली, धुतलेली, एका रांगेत निजवलेली. अक्कांनी दोन दिवस वाकून लावलेले चार वाफे मोकळे झाले होते.

“चिखलात रुतली होती बिचारी,” हैबती म्हणाला. “आबांची चप्पलसुद्धा सापडली, अक्का. ती बघा, शेवटी ठेवलीय.”

अक्का खाली बसल्या. एक रोप हातात घेऊन त्या म्हणाल्या, “अरे, जमिनीत लावलेलं उपटतात का? त्याला पाणी घालायचं असतं. सकाळ-संध्याकाळ, पोटभर!”

यावेळी हैबतीनं खात्री करून घेतली. “जमिनीत लावलेल्या सगळ्याला, अक्का?”

“सगळ्याला!”

“बरं, अक्का.”

गुरुवारी संध्याकाळी एकही दिवा लागला नाही. आबांनी एक दिवा उपसला आणि हलवला. आत डबक डबक आवाज आला.

“सकाळी वरून घातलं तर ओघळून जायला लागलं,” हैबतीनं सांगितलं. “पोटभर म्हणाल्या होत्या अक्का. मग मी खालचं झाकण उघडून पोटातच घातलं.”

आबांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, “उघडे करून एक दिवस उन्हात वाळवा. बॅटऱ्या फडक्यानं कोरड्या करा. वरच्या काचेवर धूळ बसू देऊ नका. आणि जवळ दुसरा उजेड ठेवू नका. दुसरा उजेड असला की यांना वाटतं अजून दिवस आहे. मग हे लागतच नाहीत.”

आबांनी ते हैबतीला समजावून सांगितलं. आता चूक नको म्हणून अगदी सोपं करून सांगितलं. “काचेवर धूळ दिसली की ओल्या फडक्यानं पुसायची. आणि संध्याकाळी दुसरा उजेड दिसला की बंद करायचा. मला विचारत बसायचं नाही.”

“बरं, आबा.”

शुक्रवारी दिवे वाळले. रात्री बाराच्या बारा लागले. आबा तीनदा वाटेवरून फिरून आले. अक्कांनाही घेऊन आले.

शनिवारी दिवेलागणीला सबनीसांची गाडी आली. हैबती फडकं घेऊन फाटकात उभाच होता. सबनीस उतरले. कच्च्या रस्त्याची धूळ त्यांच्या चष्म्यावर बसली होती. हैबतीनं विचारलं नाही. चष्मा नाकावर असतानाच त्यानं दोन्ही काचा ओल्या फडक्यानं पुसल्या.

“पद्धत आहे आमच्याकडं,” आबा घाईघाईनं म्हणाले.

“छान आहे,” सबनीस डोळे चोळत म्हणाले.

मग अंधार पडला. हैबतीनं ड्रायव्हरला गाडीचे दिवे बंद करायला लावले. पाहुण्यांच्या हातातल्या मोबाइलच्या बॅटऱ्या एकेक करून मालवल्या. खोल्यांतले दिवे बंद केले, पडवीतला बल्ब बंद केला. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पिठलं रटरटत होतं, ते गप्प झालं.

“हैबत्या!” आतून अक्कांचा आवाज आला.

पण तेवढ्यात वाटेवर दिवे लागले. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. म्हाताऱ्या सबनीसबाई कुणाचाही हात न धरता निघाल्या. “अगं बाई, सगळं दिसतंय की मला!” त्या म्हणाल्या. सबनीसांनी आबांची पाठ थोपटली. “इंगवले, पुढच्या महिन्यात सगळी सोसायटी आणतो.” आबांचे डोळे पाणावले.

हैबतीनं मात्र दिवे मोजले होते. बारावा लागला नव्हता. फाटकाबाहेरच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना चालू होता आणि तिथल्या खांबावरचा मोठा झोत थेट बाराव्या दिव्यावर पडत होता. दिव्याला वाटत होतं अजून दिवस आहे.

मैदानावर करंजसोंड आणि शेजारचं गाव, दोन्ही संघ बरोबरीत होते. शेवटची चढाई बाकी होती. करंजसोंडचा गडी तिघांच्या मिठीत सापडला होता आणि रेषेकडं हात लांबवत होता. रेष चार बोटं राहिली होती.

हैबती बांधाकडं गेला. तिथं गावाच्या विजेचा डीपी होता. त्यानं खटका खाली ओढला.

मैदान गेलं. देऊळ गेलं, पिठाची गिरणी गेली, सगळं करंजसोंड गेलं. बारावा दिवा लागला.

अंधारात आधी शिट्ट्या झाल्या. मग भांडण झालं. एक गाव म्हणे हात टेकला, दुसरं गाव म्हणे टेकला नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की अख्ख्या गावात एकाच ठिकाणी उजेड आहे. तीनशे माणसं तिकडं वळली. वाटेवर अंतराअंतरानं दिवे होते. कुणाला ठेच लागली नाही, कुणी चुकलं नाही. दोन्ही गावं थेट आबांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

पुढं सरपंच होते. त्यांनी बाही वर सारत विचारलं, “लाइट कुणी घालवली?”

“मी,” हैबती म्हणाला.

“कुणाच्या सांगण्यावरून?”

आबा केव्हाच बैलगाडीखाली शिरले होते. हैबतीनं जवळचा एक दिवा उपटला, गाडीखाली धरला आणि म्हणाला, “हे काय, आबांच्या.”